एसएमपीएसची निवड: फुलंब्रीच्या लाईनवर टिकेल असा पॉवर सप्लाय

भिंतीवरच्या बोर्डातून येणारी 230 व्होल्टची एसी वीज घेऊन तिचे 12, 5 आणि 3.3 व्होल्टच्या डीसी विजेत रूपांतर करणारा डबा म्हणजे कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय. दुकानात, दुरुस्तीच्या टेबलावर आणि बिलावरही त्याला ‘एसएमपीएस’च म्हणतात, स्विच मोड पॉवर सप्लाय या नावाचे ते लघुरूप. सुटे भाग आणून घरी जुळवल्या जाणाऱ्या कॉम्प्युटरच्या यादीत तो बहुधा शेवटी लिहिला जातो आणि पैसे कमी पडले की पहिली कात्री त्यालाच लागते. कॅबिनेटमधल्या प्रत्येक भागाला वीज मात्र त्याच्यातूनच मिळते. तो बिघडताना एकटा गेला तर नुकसान त्याच्या किमतीएवढे होते. मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क घेऊन गेला तर सगळा कॉम्प्युटर नव्याने जुळवावा लागतो.

फुलंब्रीची लाईन

पुस्तकात 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ असे एका ओळीत लिहिलेले असते. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या मानकांनुसार लघुदाब ग्राहकाला मिळणारा दाब यापेक्षा सहा टक्के वर किंवा खाली जाऊ शकतो, म्हणजे साधारण 216 ते 244 व्होल्टच्या दरम्यान असायला हवा. छत्रपती संभाजीनगरहून अजिंठा-जळगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा फुलंब्री तालुका मुख्यतः शेतीचा. कापूस, मका, अद्रक ही इथली पिके आणि विहिरींवर मोटारी. गावठाणातल्या घराला आणि शेतवस्तीवरच्या घराला मिळणारी वीज सारखी नसते. वस्ती डीपीपासून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून, जितकी लांब आणि तार जितकी बारीक, तितका वाटेत दाब गळतो.

रब्बीच्या हंगामात ही गळती डोळ्यांना दिसते. थ्री फेज लाईट येताच ऑटो स्विच लावलेल्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते, त्यामुळे दाब एकदम खाली येतो आणि घरातला बल्ब पिवळा पडतो. ऑटो स्विच काढा आणि मोटारीला कॅपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण शेतकऱ्यांना वारंवार करते ते याचसाठी.

उलट्या दिशेचा धोका कमी वेळा येतो, पण जास्त नुकसान करतो. डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल तुटला की तीन फेजवर विभागलेल्या घरांतला समतोल जातो. ज्या फेजवर भार कमी, तिथल्या घरात 300-350 व्होल्टपर्यंत किंवा त्याहून वर दाब चढतो. बल्ब फुटतात, टीव्ही जळतात आणि सुरू असलेला एसएमपीएसही त्यात सापडतो. तिसरे संकट मे-जूनच्या वळवाच्या पावसातले: दूर कुठे वीज पडली तरी तारांमधून दाबाचा झटका घरापर्यंत येतो. एसएमपीएसची निवड या तिन्ही गोष्टी समोर ठेवून करावी लागते.

डब्याच्या आत काय घडते

जुन्या पद्धतीचे पॉवर सप्लाय जड लोखंडी ट्रान्सफॉर्मरवर चालत आणि बरीच वीज उष्णतेत घालवत. 1977 च्या ॲपल 2 साठी रॉड होल्ट यांनी हलका, कमी तापणारा स्विचिंग सप्लाय तयार केला. 1981 च्या आयबीएम पीसीचा सप्लाय 63.5 वॅटचा होता. आज घरोघरी दिसणाऱ्या डब्याचा आकार, स्क्रूच्या जागा आणि जोडण्या ठरवणारे एटीएक्स मानक इंटेलने 1995 मध्ये आणले.

आलेली एसी वीज आधी डीसी होते. 230 व्होल्टच्या एसीचे शिखर 325 व्होल्ट असते, म्हणून आतल्या मोठ्या कॅपॅसिटरवर तेवढा दाब साठतो. ट्रान्झिस्टर तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात. त्यामुळे छोटासा ट्रान्सफॉर्मर पुरतो. शेवटी दाब उतरवून आणि गाळून तो मदरबोर्डकडे जातो. पारंपरिक एटीएक्स मानकात 12 व्होल्टची लाईन पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे 11.4 ते 12.6 व्होल्टमध्ये राहणे आवश्यक असते. तिच्यावरची लहर, म्हणजे रिपल, 120 मिलिव्होल्टच्या वर जाता कामा नये. 5 आणि 3.3 व्होल्टसाठी ही मर्यादा 50 मिलिव्होल्ट आहे.

बाहेरचा दाब कमी झाला की बल्ब मंद होतो. एसएमपीएस मात्र तेवढीच शक्ती मिळवण्यासाठी जास्त करंट ओढतो. 300 वॅट ओढणारा कॉम्प्युटर 230 व्होल्टवर सुमारे 1.3 अँपिअर घेतो, तर 150 व्होल्टवर 2 अँपिअर. स्क्रीन नेहमीसारखाच उजळ दिसतो, पण आतले भाग जास्त तापतात. कमी दाबाचा त्रास कॉम्प्युटरवर लगेच दिसत नाही, तो साठत जातो.

100-240 हे आकडे

खोक्यावरच्या वॅटच्या आधी लेबलवरची ‘इनपुट’ ही ओळ वाचावी. स्वस्त डब्यावर 220-240 किंवा 200-240 व्होल्ट असे लिहिलेले असते. काही जुन्या डब्यांच्या मागे 115 आणि 230 चा लाल स्विच असतो. तो चुकून 115 वर राहिला आणि प्लग लावला तर मोठा आवाज होऊन डबा संपतो. चांगल्या डब्यावर 100-240 व्होल्ट लिहिलेले असते. अशा डब्यात ‘ॲक्टिव्ह पीएफसी’ नावाचे सर्किट असते. ते बाहेरून 150 व्होल्ट आले किंवा 230 आले तरी आतल्या मोठ्या कॅपॅसिटरवर 380-400 व्होल्टच्या आसपास एकच दाब टिकवते.

याचा फायदा लाईट जाण्याच्या क्षणी कळतो. वीज तुटल्यावर कॅपॅसिटरमधल्या साठ्यावर कॉम्प्युटर काही मिलिसेकंद तग धरतो. एटीएक्स मानकाने पूर्ण भारावर हा काळ बरीच वर्षे 16-17 मिलिसेकंद ठेवला होता. 2023 च्या एटीएक्स 3.1 मध्ये 17 मिलिसेकंदांची अट 80 टक्के भाराला लागू होते आणि पूर्ण भाराला 12 पुरतात. कॅपॅसिटरमधला साठा दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणून पीएफसी नसलेल्या डब्यात 230 ऐवजी 150 व्होल्ट येत असतील तर साठा निम्म्याहूनही कमी होतो. मोटारी सुरू होताना दाब पडला की असा कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि दोष मात्र विंडोजवर जातो. ॲक्टिव्ह पीएफसीच्या डब्यात साठा बाहेरच्या दाबावर अवलंबून नसतो. शेतवस्तीवरच्या घरासाठी एवढे एक कारणही पुरेसे आहे.

वॅट: खोक्यावरचे आणि खरे

आजच्या कॉम्प्युटरमधला जवळजवळ सगळा भार 12 व्होल्टच्या लाईनवर असतो. त्यामुळे लेबलवरच्या तक्त्यात 12 व्होल्टखाली किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहून 12 ने गुणावे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 450 वॅट छापलेल्या डब्यावर 12 व्होल्टला 16 अँपिअर असतील तर हाती 192 वॅटच येतात. उरलेले आकडे 3.3 आणि 5 व्होल्टखाली भरलेले असतात आणि आजच्या मशीनला त्यांचा फारसा उपयोग नसतो. खऱ्या 450 वॅटच्या डब्यावर 12 व्होल्टखाली 36-37 अँपिअर असतात, म्हणजे 430 ते 445 वॅट. दोन्ही डबे हातात घेतले तर वजनातला फरकही जाणवतो.

गरज किती, हे कामावर ठरते. ऑनलाईन अर्ज, टायपिंग, डीटीपी आणि एमएस-सीआयटीच्या सरावासाठी इंटेलचा आय3-12100 असलेला कॉम्प्युटर घेतला तर प्रोसेसर जास्तीत जास्त 89 वॅट ओढतो. बाकीचे भाग धरून बेरीज 130 वॅटच्या आसपास राहते. चांगल्या कंपनीचा 400-450 वॅटचा लहानात लहान डबाही तिथे भरपूर होतो. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या स्टुडिओत रायझन 5 5600 आणि आरटीएक्स 3060 असे मशीन असेल तर प्रोसेसर, 170 वॅटचे कार्ड आणि बाकीचे भाग मिळून सुमारे 310 वॅट होतात. ग्राफिक्स कार्ड क्षणभर याहून जास्त झटके घेते, म्हणून एनव्हिडिया या कार्डासाठी 550 वॅटचा सप्लाय सुचवते. त्याच्याही दुप्पट वॅटचा डबा घेऊन काही साधत नाही.

जोडण्यांचा हिशेबही याच वेळी करावा. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला 75 वॅट मिळतात, सहा पिनच्या केबलमधून आणखी 75, आठ पिनच्या केबलमधून 150. मोलेक्समधून कन्व्हर्टर लावून आठ पिन तयार करणे म्हणजे बारीक तारेवर मोठा भार टाकणे. ते प्लास्टिक वितळलेले दुरुस्तीच्या टेबलावर बरेचदा दिसते. 2022 च्या एटीएक्स 3.0 मानकापासून 600 वॅटपर्यंत वाहणारी 16 पिनची जोडणी आली. ती पूर्ण आत बसली नाही तर तापते, हे जगभर दिसून आल्यावर एटीएक्स 3.1 मध्ये तिच्या पिनांची रचना सुधारली गेली.

ब्राँझ, गोल्ड आणि त्यांचा अर्थ

‘80 प्लस’ हा शिक्का 2004 मध्ये अमेरिकेत सुरू झाला. सप्लाय 20, 50 आणि 100 टक्के भारावर किमान 80 टक्के कार्यक्षम असावा, एवढाच त्याचा मूळ अर्थ. ब्राँझला निम्म्या भारावर 85 टक्के लागतात, गोल्डला 90. ही मोजणी बहुतेक वेळा 115 व्होल्टवर आणि 23 अंश तापमानात होते. रिपल किती, संरक्षण सर्किट चालतात का, डबा किती वर्षे टिकेल, यांबद्दल शिक्का काही सांगत नाही. सायप्रसची सायबेनेटिक्स ही प्रयोगशाळा कार्यक्षमतेसोबत आवाजाचीही स्वतंत्र प्रतवारी देते आणि 230 व्होल्टवरचे निकालही प्रसिद्ध करते, म्हणून भारतीय ग्राहकाला ते जास्त उपयोगी पडतात.

विजेच्या बिलावर काय फरक पडतो, याचा हिशेब सोपा आहे. आतल्या भागांना 150 वॅट लागतात आणि कॉम्प्युटर वर्षातले 300 दिवस रोज आठ तास चालतो असे धरू. 70 टक्के कार्यक्षम साधा डबा भिंतीतून 214 वॅट ओढतो, ब्राँझ 176, गोल्ड 167. साध्याऐवजी ब्राँझ घेतल्यास वर्षाला सुमारे 90 युनिट वाचतात. ब्राँझऐवजी गोल्ड घेतल्यास आणखी 24. पहिला फरक दोन-तीन वर्षांत बऱ्याच अंशी भरून निघतो. दुसरा निघायला वेळ लागतो. गोल्ड घ्यायचा तो त्यातले भाग आणि वॉरंटी चांगली असेल तर.

शिक्क्यावर विसंबण्याची मर्यादा 2021 मध्ये जगासमोर आली. गिगाबाईट कंपनीचे 750 आणि 850 वॅटचे दोन गोल्ड सप्लाय परीक्षणात मोठ्या भाराखाली स्फोट होऊन बंद पडले. ठरलेल्या शक्तीच्या 120 ते 150 टक्क्यांपर्यंत गेल्यावरच त्यांचे अतिभार संरक्षण जागे होत असे. कंपनीने ही मर्यादा 110 ते 120 टक्क्यांवर आणली आणि विकलेले डबे बदलून देण्याची तयारी दाखवली.

संरक्षणाची फळी

चांगल्या डब्यात सहा संरक्षणे असतात: जास्त दाब, कमी दाब, जास्त करंट, जास्त शक्ती, शॉर्ट सर्किट आणि जास्त तापमान. यांतले एखादे जागे झाले की डबा स्वतःहून बंद पडतो आणि पुढचे भाग वाचतात. स्वस्त डब्यांत जास्त करंटचे आणि तापमानाचे संरक्षण बहुधा गाळलेले असते.

बाहेरून येणाऱ्या झटक्यासाठी इनपुटजवळ एमओव्ही नावाची नाण्याएवढी चकती असते. दाब मर्यादेपलीकडे गेला की ती तो स्वतःकडे ओढून घेते आणि फ्यूज उडतो. काटकसरीच्या डब्यात तिची जागा सर्किट बोर्डवर छापलेली असते, पण चकती नसते. न्यूट्रल तुटून 350 व्होल्ट आले तर शिखर दाब 495 व्होल्टवर जातो. आतल्या कॅपॅसिटरची सहनशक्ती 400 ते 450 व्होल्टची असते. अशा वेळी चांगला डबाही मरतो. फरक एवढाच की तो बहुतेक वेळा एकटा मरतो, मदरबोर्डला सोबत नेत नाही.

अर्थिंग, यूपीएस आणि इन्व्हर्टर

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. एसएमपीएसच्या इनपुट फिल्टरमधले दोन छोटे कॅपॅसिटर फेज आणि न्यूट्रल यांना डब्याच्या पत्र्याशी जोडतात आणि गोंगाट अर्थमध्ये सोडतात. अर्थ नसेल तर पत्रा सुमारे 115 व्होल्टवर तरंगत राहतो. करंट अगदी थोडा असल्याने हाताला मुंग्याच येतात, पण यूएसबी पोर्ट आणि प्रिंटर त्यात दगावू शकतात. तीन पिनांचा बोर्ड असला म्हणजे अर्थिंग असतेच असे नाही. बरेचदा तिसऱ्या पिनेला तारच जोडलेली नसते. मराठवाड्यात मुरूम आणि काळा पाषाण वरच लागतो, उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते आणि खड्ड्याचा रोध वाढतो. म्हणून कोळसा-मीठ भरून केलेल्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालत राहावे लागते. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये मल्टीमीटर लावल्यावर फेज-न्यूट्रलइतकाच आकडा आला तर जोडणी आहे, एवढे कळते. खड्डा किती चांगला आहे, हे इलेक्ट्रिशियनकडून अर्थ टेस्टरने मोजून घ्यावे.

यूपीएस निवडताना व्हीए आणि वॅट यांत गल्लत होते. बाजारात सर्रास मिळणारा 600 व्हीएचा यूपीएस बहुधा 360 वॅटचाच असतो. वरच्या स्टुडिओतल्या मशीनला आत 310 वॅट लागत असतील तर भिंतीतून सुमारे 350 आणि मॉनिटर धरून 380 वॅट ओढले जातात. म्हणजे एडिटिंग ऐन रंगात असताना लाईट गेली की हा यूपीएस अतिभाराने बंद पडणार. तिथे 1000-1100 व्हीएचा, 600 वॅटच्या पुढचा यूपीएस लागतो. स्वस्त यूपीएसची वेव्ह पायरीसारखी असते आणि ॲक्टिव्ह पीएफसीच्या डब्याशी तिचे कधीकधी जमत नाही. अशा जोड्या यूपीएसची क्षमता सढळ ठेवल्यास बहुधा चालतात. खात्री हवी असेल तर शुद्ध साईन वेव्हचा यूपीएस घ्यावा.

घरच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालतो, पण लाईट जाताच रीस्टार्ट होतो, याचे उत्तर वर दिलेल्या मिलिसेकंदांत आहे. इन्व्हर्टर ‘यूपीएस’ मोडवर असेल तर तो साधारण 10 मिलिसेकंदांत बॅटरीवर येतो आणि एसएमपीएसचा साठा तोवर पुरतो. ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’ मोडवर त्याला जास्त वेळ लागतो. मात्र यूपीएस मोडवर दाब साधारण 180 व्होल्टच्या खाली गेला की इन्व्हर्टर लाईन सोडून बॅटरीवर जातो. रब्बीत दाब तासन्‌तास कमी राहत असेल तर बॅटरी चार्ज व्हायला सवडच मिळत नाही. तिथे इन्व्हर्टरच्या आधी स्टॅबिलायझर लावावा लागतो. वळवाच्या पावसात ढग गडगडू लागले की प्लग काढून ठेवणे याला पर्याय नाही.

ऊन, धूळ आणि कापूस

वॅटची क्षमता कोणत्या तापमानावर मोजली, हे चांगली कंपनी लिहिते: 40 किंवा 50 अंश. स्वस्त डब्याचा आकडा 25 अंशांचा असू शकतो. मे महिन्यात मराठवाड्यात पारा 40 च्या वर असतो आणि पत्र्याच्या खोलीत कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचे आयुष्य दर 10 अंशांच्या वाढीला साधारण निम्मे होते. म्हणून 85 ऐवजी 105 अंशांचे कॅपॅसिटर असलेला डबा घ्यावा.

कापूस वेचणीच्या दिवसांत घरातच कापसाचा ढीग लागतो आणि त्याचे तंतू हवेबरोबर पंख्यात ओढले जातात. पंख्याच्या जाळीवर राखाडी गादी तयार झाली की हवा थांबते. कॅबिनेट जमिनीवर न ठेवता फूटभर उंचीवर ठेवावे आणि दोन महिन्यांतून एकदा प्लग काढून बाहेरून ब्लोअर मारावा. उबेला आलेली पाल आत शिरून शॉर्ट होण्याचे प्रकारही घडतात. कॅबिनेटच्या मागच्या रिकाम्या खाचा पट्टीने बंद ठेवल्या की ते टळतात. डबा स्वतः उघडू नये. प्लग काढल्यावरही मोठ्या कॅपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब उरू शकतो.

दुकानात

बाजारात दिसणारी बरीच नावे स्वतः सप्लाय बनवत नाहीत. तैवानच्या सीसॉनिक, एफएसपी, सीडब्ल्यूटी, सुपर फ्लॉवर अशा कारखान्यांकडून बनवून घेतात. एकाच नावाखाली उत्तम आणि सामान्य दोन्ही मालिका असू शकतात, म्हणून कंपनीबरोबर मॉडेलचे नाव पाहून परीक्षण शोधावे. भारतात भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणीखाली येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर मानक चिन्ह आणि ‘आर’ अक्षरापुढे आठ आकडी क्रमांक असतो. ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर हा क्रमांक टाकला की तो कोणत्या उत्पादकाचा आहे ते दिसते. कंपनीचा स्वतःच्या मालावर किती भरवसा आहे, हे वॉरंटीच्या वर्षांवरून कळते: साध्या मालिकांना तीन, बऱ्या मालिकांना पाच, वरच्या मालिकांना सात ते दहा. जीएसटीचे पक्के बिल आणि त्यावर सिरीयल नंबर असल्याशिवाय या वर्षांना अर्थ राहत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाईन मागवताना सर्व्हिस सेंटर छत्रपती संभाजीनगरात आहे की डबा पुण्या-मुंबईला पाठवावा लागेल, हे आधी विचारावे. जुन्या कॅबिनेटबरोबर फुकट मिळालेला डबा नव्या मदरबोर्डला लावू नये.

फुलंब्रीतल्या घरगुती मशीनसाठी या सगळ्याचा निष्कर्ष असा: इनपुट 100-240 व्होल्ट, ॲक्टिव्ह पीएफसी, ब्राँझ किंवा त्याहून वरचा शिक्का, साध्या कामाला 450 आणि ग्राफिक्स कार्डाला 550 ते 650 वॅट, 105 अंशांचे कॅपॅसिटर, मानक चिन्ह आणि पाच वर्षांची वॉरंटी. पैसे कमी पडत असतील तर आधी अर्थिंग करून घ्यावे, मग एसएमपीएस, मग यूपीएस. ग्राफिक्स कार्ड वर्षभराने बसवले तरी चालते.